गवंडी आणि सुतार यांच्यामधली फट

पावसाचे पाणी खिडकीतून घरात आले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरे नसते. खिडकी घट्ट लावलेली असते, काचा शाबूत असतात, कडी बसलेली असते आणि तरीही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचा एक नकाशा उमटतो. रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. हे पाणी खिडकीच्या कडेने आलेले असते. चौकट जिथे संपते आणि भिंत जिथे सुरू होते, तिथे एक नखभर फट असते. आज मला या फटीचा इतिहास सांगायचा आहे.

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. पण फटीलाही इतिहास असतो. या एवढ्याशा फटीपायी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाहून गेली. दोन पुढारलेल्या देशांत सरकारला चौकशी बसवावी लागली, कायदे बदलावे लागले, न्यायालये वर्षानुवर्षे गुंतून पडली. आणि जे तिथे घडले, त्यात आपल्यासाठीही काही आहे.

आधी पाणी आत येते कसे ते पाहू. मराठीत एक फार नेमका शब्द आहे, झड. वाऱ्याने तिरका होऊन आडोशाच्या आत शिरणारा पाऊस म्हणजे झड. पाऊस कौलांवर पडतो, झड भिंतीवर पडते. वारा भिंतीवर आदळतो तेव्हा बाहेर हवेचा दाब वाढतो, घरात तो कमी असतो आणि फटीतले पाणी या दाबाने आत ढकलले जाते. दुसरे असे की, पाणी पृष्ठभागाला चिकटून चालते. पेल्यातून पाणी अगदी हळू ओता, ते धारेने न पडता पेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळत येते. छज्जाच्या कडेला आलेले पाणीही असेच खालच्या बाजूने भिंतीकडे चालू लागते. म्हणून जाणता गवंडी छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून जरा आत, एक बारीक खाच मारतो. पाणी त्या खाचेपाशी अडते आणि खाली गळते. तिसरे कारण कंदिलाच्या वातीचे. वात जशी रॉकेल वर ओढते, तशी बारीक फट पाणी ओढून घेते. या तीन गोष्टी ज्याला कळल्या, त्याला झडीशी कसे वागायचे ते कळले.

आमच्या कोकणातल्या जुन्या माणसांना त्या पुस्तकाशिवाय कळल्या होत्या. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. जुने घर या वाऱ्याचा विचार करून बांधलेले असे. उतरते छप्पर भिंतीच्या खूप पुढे आलेले. त्याखाली पडवी, पडवीच्या आत ओटी, ओटीच्या आत माजघर. पागोळ्या भिंतीपासून चांगल्या दोन-तीन हात दूर पडत. भिंतीला लागणारा पाऊस असा मुळातच कमी असे. वरून पावसाळ्याच्या तोंडावर नारळीच्या विणलेल्या झापांचा पडदा पडवीला बांधला जाई. पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या थोड्या आणि लहान. आमची दादी म्हणायची, ‘घराने पावसाला पाठ दाखवावी, तोंड दाखवू नये.’

मला नेहमी गंमत वाटते ती गावातल्या जुन्या मशिदीची. हिंदुस्थानात काबा पश्चिमेला, म्हणून मशिदीची मेहराबीची भिंत पश्चिमेला असते. ती बहुधा बंद भिंत असते आणि दार पूर्वेकडे. कोकणात झडही पश्चिमेकडूनच येते. त्यामुळे पाऊस चार महिने त्या बंद भिंतीवर आपटत राहतो आणि नमाजी पूर्वेच्या दाराने कोरड्या पायांनी आत जातात. ही रचना धर्माच्या कारणाने झाली, पावसाच्या नव्हे. पण दोघांचे छान जमून गेले.

पण दार-खिडकी कुठेतरी ठेवावीच लागते. तिथे जुन्या कामाची एक रीत होती आणि माझ्या मते या इतिहासाची किल्ली तिथेच आहे. सुतार आधी चौकट उभी करी, ओळंबा लावून सरळ करी आणि मग गवंडी तिच्या दोन्ही अंगांनी जांभ्याचे चिरे चढवत नेई. म्हणजे भिंत चौकटीला येऊन भिडत असे. चौकट उभी राहण्याचा दिवस घरातला मोठा दिवस. शेजारच्या हिंदू घरात चौकटीची पूजा होई, आमच्याकडे फातिहा होऊन गोड वाटले जाई. त्या दिवशी सुतार आणि गवंडी दोघेही हजर असत. दोघांनी एकमेकांचे काम पाहिलेले असे. पुढे पाणी आलेच, तर दोघेही त्याच गावात सापडत.

शेजारच्या गोव्याने आणखी एक वाट शोधली. तिथे खिडकीला ‘जनेल’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि आपला ‘मिस्त्री’ही तिथलाच. काच महाग आणि दुर्मीळ असण्याच्या काळात गोव्यातल्या चर्चना आणि मोठ्या घरांना काचेऐवजी शिंपले बसवले गेले. एक चपटा, पातळ, अर्धपारदर्शक शिंपला असतो. त्याचे चौकोनी तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवत. उजेड दुधासारखा मऊ येई, ऊन डोळ्यांवर येत नसे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शिंपले खाचेत मोकळे असल्यामुळे लाकडाच्या या हालचालीत ते तडकत नसत. थोडे पाणी आत आले तरी वारा खेळता असल्याने ते वाळून जाई. जुन्या गोव्यात आजही अशा खिडक्या पाहायला मिळतात.

मुंबईने या दोन्ही परंपरांत तिसरी मिसळली. छज्जा ही आपल्याकडे जुनी गोष्ट. फत्तेपूर सिक्रीच्या लाल दगडी इमारतींचे रुंद छज्जे सगळ्यांनी चित्रांत तरी पाहिलेले असतात. १९३० आणि ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूला नव्या धाटणीच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे आहेत, काही तर कोपऱ्यावरून वळण घेऊन जातात. २०१८ मध्ये या इमारतींना, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोक त्या भुवयांकडे शोभा म्हणून पाहतात. पण समोर उघडा समुद्र आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस असताना ती भुवई आपले कामही करते. कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून माणसाला भुवई दिली आहे, तेच काम.

यानंतर मात्र गोष्ट बदलते. इमारती उंच झाल्या, छज्जे आखूड झाले, सागवान महाग झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. खिडकी हलकी, स्वस्त आणि झटपट झाली, त्यात वाईट काही नाही. पण कामाचा क्रम उलटा झाला. आता गवंडी आधी भिंत बांधतो आणि खिडकीएवढे भोक सोडून निघून जातो. प्लॅस्टर होते, कधी रंगाचा पहिला हातही होतो आणि मग केव्हातरी खिडकीवाला येतो. भोक कधी नेमके चौकोनी नसते. खिडकी मात्र कारखान्यातून अगदी चौकोनी आलेली असते. राहिलेल्या फटीत तो कुठे सिमेंट भरतो, कुठे फोम, आणि वरून सिलिकॉनची एक रेघ ओढतो. सिलिकॉन चांगले असते, पण ते धुळीवर नीट चिकटत नाही आणि काही वर्षांनी कडेने सुटते. त्या रेघेच्या मागे पाण्याला अडवणारे दुसरे काहीच नसते. गवंडी म्हणतो, भिंत माझी, खिडकी माझी नाही. खिडकीवाला म्हणतो, खिडकी माझी, भिंत माझी नाही. मधली फट कुणाचीच नाही.

हे केवळ आपल्याकडे घडले असे समजू नका. याची फार मोठी किंमत मोजली ती कॅनडाने आणि न्यूझीलंडने.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर शहर आहे. तिथे हिवाळाभर संथ पाऊस लागून राहतो. १९८० च्या दशकापासून तिथे लाकडी सांगाड्याच्या, बाहेरून गुळगुळीत गिलावा केलेल्या सदनिकांच्या इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. दिसायला त्या उन्हाळी कॅलिफोर्नियासारख्या होत्या, सपाट आणि पुढे आलेल्या छपराशिवायच्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर घरे उबदार ठेवण्यासाठी भिंतींत उष्णतारोधक थर आणि प्लॅस्टिकचा कागद घालण्यावर भर आला होता. त्यामुळे आत गेलेले पाणी वाळायला वाव उरला नाही. काही वर्षांतच भिंतींतले लाकूड कुजू लागले. बाहेरून इमारत नवी, आतून भुसा. १९९६ मध्ये तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण संस्थेने पाहणी केली, तेव्हा असे दिसले की पाणी भिंतीच्या मधोमध क्वचितच शिरते. ते शिरते जोडांतून, म्हणजे खिडक्यांच्या कडा, बाल्कन्यांचे सांधे आणि कठडे जिथे भिंतीला मिळतात तिथून. दुसरी गोष्टही दिसली. छप्पर जितके पुढे आलेले, तितकी त्या भिंतीची तक्रार कमी. कोकणातल्या कुठल्याही घरमालकाला हे ऐकून हसू आले असते.

१९९८ मध्ये प्रांताचे माजी पंतप्रधान डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमला गेला. कुटुंबे आयोगापुढे येऊन बोलली. कुणी निवृत्तीची सगळी रक्कम घरात घातली होती, कुणी पहिले घर घेतले होते. दुरुस्तीचा खर्च प्रत्येक सदनिकेमागे हजारो डॉलर, आणि घर विकावे तर घेणारा नाही. बांधणाऱ्या कित्येक कंपन्या एका इमारतीपुरत्या काढलेल्या होत्या. इमारत विकली गेली की कंपनीही संपली. दाद मागायची कुणाकडे? रुंद छज्जे नकोसे करणाऱ्या नगररचनेच्या नियमांवरही टीका झाली. त्याच वर्षी घरमालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९९ पासून नव्या घरांना विम्याची हमी सक्तीची झाली. कारागिरी आणि साहित्याला २ वर्षे, पाणी आत येण्याबद्दल ५ वर्षे आणि सांगाड्याला १० वर्षे. एकूण नुकसान ४ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या आसपास असल्याचा अंदाज सांगितला जातो.

न्यूझीलंडची कथा याहून बोचरी आहे, कारण तिथे धोरणानेच दार उघडे ठेवले. १९९१ च्या बांधकाम कायद्याने जुने बारकाव्यांचे नियम सैल केले. घर कसे बांधायचे हे सांगण्याऐवजी ते कसे टिकले पाहिजे एवढेच सांगायचे, असे नवे सूत्र आले. तपासणीचे काम खासगी माणसांनाही मिळाले. सूत्र कागदावर चांगले होते. त्याच सुमारास भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखी सपाट, पांढरी घरे बांधायची टूम निघाली. भिंतीवरचा गिलाव्याचा पत्रा थेट लाकडी सांगाड्यावर ठोकला जाई, मागे हवेला जागा नाही. खिडक्यांच्या डोक्यावर पाणी वळवणारी धातूची पट्टी असायला हवी होती, तिच्याऐवजी सिलिकॉनची रेघ. तिथे पाइनच्या लाकडाला बोरॉनच्या क्षारांत मुरवून बुरशी आणि किड्यांपासून वाचवण्याची जुनी चाल होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे न मुरवलेले लाकूडही घराच्या सांगाड्याला चालू लागले. पाणी येण्याची वाट, पाणी कोंडण्याची सोय आणि पाण्याने कुजणारे लाकूड, तिन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच भिंतीत आल्या.

ऑकलंडला मुंबईच्या साधारण निम्मा पाऊस पडतो. मग घरे तिथेच का कुजली, असा प्रश्न मला पडला होता. याचे एक उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने ऊन भिंती भाजून काढते. तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, भिंतीला पुरते वाळायला सवडच मिळत नाही. दुसरे उत्तर भिंतीत आहे. आपली भिंत विटांची किंवा काँक्रीटची, त्यांची लाकडाची. म्हणून आपल्याकडे ओल रंग खाते, प्लॅस्टर खाते आणि सावकाश आतली सळई गंजवते. तिथे ती थेट घराची हाडे खाते.

२००२ मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला आणि त्यात एकट्यादुकट्या माणसावर बोट न ठेवता संपूर्ण व्यवस्थाच बिघडल्याचे सांगितले. त्याच वर्षी तक्रारी सोडवण्यासाठी खास कायदा झाला. २००४ मध्ये नवा बांधकाम कायदा आला, मुरवलेले लाकूड पुन्हा सक्तीचे झाले. २००९ मध्ये सरकारसाठी झालेल्या एका अभ्यासाने अशा घरांची संख्या अंदाजे ४२ हजार धरली. कमीत कमी २२ हजार, जास्तीत जास्त ८९ हजार, असा तो अंदाज होता. खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. हा देश चाळीस-पन्नास लाख वस्तीचा, हे लक्षात घ्या.

आणि हा खर्च दिला कुणी? बांधणाऱ्या कंपन्या गुंडाळल्या गेल्या होत्या. कारागीर पांगले होते. उरली नगरपालिका, कारण ती कुठे पळून जाऊ शकत नाही. तपासणीत हयगय झाली तर नगरपालिका घरमालकाला जबाबदार आहे, हे तत्त्व १९९६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने न्यूझीलंडच्या एका खटल्यात कायम केले होते. इतर दोषी सापडले नाहीत की त्यांचा वाटाही तिच्याच गळ्यात पडे, म्हणजे अखेर करदात्यांच्या. २०११ मध्ये तडजोडीची योजना निघाली, चौथा हिस्सा सरकारचा, चौथा नगरपालिकेचा आणि अर्धा घरमालकाचा. ज्याने काहीच चूक केली नव्हती त्याला असा अर्धा दंड. पैशांशिवाय जे गेले ते कुठल्या अहवालात मांडता येत नाही. मुलांचे खोकले, नवरा-बायकोतली भांडणे, विकताही येत नाही आणि राहवतही नाही अशा घरातली वर्षे. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वासाच्या विकारांशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे.

या सगळ्यातून बांधकामशास्त्राने जो धडा घेतला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. पूर्वीची समजूत अशी की, पाणी आत येऊच द्यायचे नाही. नवी समजूत अशी की, पाणी थोडे येणारच, त्याला परत जायला वाट ठेवा. खिडकीच्या डोक्यावर पाणी वळवणारी पट्टी असावी. खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला ढाळ असावा. बाहेरच्या कवचाच्या मागे हवा खेळती असावी. पाऊस अंगावर घेऊन मागे कोरडी पोकळी ठेवणाऱ्या या भिंतीला तिथे आता मान्यता आहे. आमची पडवी हेच करत होती, फक्त तिची पोकळी माणसे बसण्याएवढी मोठी होती.

आपल्या सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने लहान भोके असतात, ती याच तत्त्वाची. रुळात साचलेले पाणी तिथून बाहेर जावे म्हणून. मी राहतो त्या इमारतीत एका गृहस्थांनी पाणी येऊ नये म्हणून ती भोके मोठ्या काळजीने बुजवून घेतली आहेत. दरवर्षी त्यांच्या रुळात पाणी तुंबते आणि घरात उतरते. त्यांचा राग पावसावर आहे.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने घर घेणाऱ्याच्या हाती एक काठी दिली आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. पण दोष आढळायला दोष शोधावा लागतो. ताबा बहुधा दिवाळी-पाडव्याला घेतला जातो, कोरड्या दिवसांत. तेव्हा सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात. म्हणून माझी विनंती आहे. घर घ्याल तेव्हा फरशीची चकाकी पाहण्याआधी पश्चिमेची खिडकी पाहा. बाहेरच्या कट्ट्याचा ढाळ कुठे आहे, छज्जाखाली खाच आहे का, कडेची रेघ अखंड आहे का, ते पाहा. शक्य असेल तर बाहेरून पाइपाने दहा-पंधरा मिनिटे पाणी मारून घ्या. पहिला पावसाळा काढल्यावर ओलीचे फोटो तारखेसह ठेवा आणि तक्रार लेखी द्या. आणि एक प्रश्न जरूर विचारा: भिंतीचा माणूस कोण ते कळले, खिडकीचा माणूस कोण ते कळले, मधल्या फटीची जबाबदारी कुणाची?

या प्रश्नाला ज्या दिवशी एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळेल, त्या दिवशी पाणी निम्मे थांबेल. बाकीचे निम्मे छज्जा थांबवील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)